पट्टीचं दुसरं टोक

स्वरांगीची ऐन वेळी ड्यूटी लागली, म्हणून त्या रविवारी मी एकटाच निघालो. एरवी मकिशच्या डोंगरावर आम्ही नवरा-बायको मिळून जातो. आयर्लंडच्या या डॉनेगलमध्ये बर्फ कसाबसा दोन-तीन दिवस टिकतो. तो नेमका हॉस्पिटलच्या सुट्टीला पडला, तर घरी कोण बसेल? "जा, पण कड्याकडे फिरकू नकोस," ती म्हणाली. मी हो म्हणालो.

माझा स्प्लिटबोर्ड, म्हणजे बर्फावरून घसरत यायची फळी, मधोमध उभा सुटतो. चढताना त्याच्या दोन स्की होतात आणि तळाला लांब पट्ट्या चिकटवायच्या; एका बाजूला लव, दुसऱ्या बाजूला गोंद. लवेमुळे पाय मागे घसरत नाही. माथ्यावर पोचलं की पट्ट्या काढायच्या, गोंदाला गोंद लावून घडी घालायची, बोर्ड जोडायचा आणि सुसाट खाली. वाऱ्यात ती घडी एकट्याने घालणं म्हणजे वैताग. म्हणून एक टोक मी धरतो, दुसरं स्वरांगी.

तीन तास मजेत चढलो. माथा सपाट आहे. तिथे पोचेपर्यंत ढग खाली उतरला आणि हातभर पलीकडचं दिसेनासं झालं. ओल्या दगडाचा वास येत होता, वाऱ्याखेरीज आवाज नव्हता. पहिली पट्टी माझ्या जॅकेटलाच चिकटली. दुसरी फडफडायला लागली तसा मी वैतागून, सवयीने म्हणालो, "धर गं जरा."

कोणीतरी धरली.

पट्टी ताठ झाली. टोक ढगात गेलेलं. खरं सांगतो, आधी भीती वाटलीच नाही, नवल वाटलं. मी हलकेच ओढून पाहिलं. पलीकडूनही हलकेच ओढलं गेलं. दोनदा ओढलं, तर दोनदा. कोणी फिरायला आलेलं असेल म्हणून हाक मारली, "हॅलो... यू ओके?"

उत्तर नाही.

बघावं तरी कोण आहे, म्हणून पुढे निघालो. पाऊल टाकण्याआधी काठी टेकवली, तर ती टेकेचना. बर्फाचं एक ढेकूळ निसटलं. ते खाली आपटल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. मी कड्याच्या टोकावर उभा होतो, आणि पट्टीचं दुसरं टोक कड्याच्या बाहेर होतं.

"सोड..." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "सोड!"

लगेच सोडली. मी मागे धाडकन आपटलो. आणि मग डोक्यात आलं, कोणी घसरून तिथे लोंबकळत असेल तर? मी डॉक्टर आहे. मी त्याला सोड म्हणालो?

मी फोन लावला. माउंटन रेस्क्यूची माणसं आली, ढग उठल्यावर दोर लावून पार तळापर्यंत उतरून आली. त्यांच्यातला म्हातारा माझ्या पाठीवर थोपटून म्हणाला, "वर फक्त तुझाच माग आहे. खाली कोणी नाही. काळजी नको, यू आर ग्रँड."

ग्रँड कसला! संध्याकाळी स्वरांगीला पट्टी दाखवली. गोंद मी शुक्रवारीच नवा लावला होता; त्यानंतर त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. त्यात, टोकाशी, दोन अंगठे उमटले होते, माझ्या अंगठ्यांपेक्षा लहान. ओढ समोरून होती की खालून, तेच मला आठवत नव्हतं. "मी कोणाचा तरी जीव घेतला," म्हणालो आणि मला रडू फुटलं.

तिने मला जवळ घेतलं. "अरे निमिष, नीट आठव. इंग्रजीत विचारलंस, कोणी बोललं नाही. मराठीत धर म्हणालास तर धरलं, सोड म्हणालास तर सोडलं. इथल्या माणसाला ते काय कळणार? म्हणजे माणूस नव्हताच कोणी."

मला इतकं हलकं वाटलं! पण मग तीच म्हणाली, "आणि मराठी माणूस असला तर?" तिने फोन घेतला आणि आमच्या लेटरकेनी गावातल्या मराठी घरांना एकेक करून लावायला लागली.

"सुरुची, सहजच गं... सगळे घरी आहात ना?"

"अनुया... आशुतोष आला का घरी? आणि आई?"

नऊ घरं झाली. सगळी माणसं घरी होती. कोणी जेवत होतं, कोणी मॅच बघत होतं.

तिने फोन उपडा ठेवला. आता ती हसेल, असं मला वाटलं.

"एखादं माणूस घरी नसतं," ती हळूच म्हणाली, "तर निदान ते माणूस होतं, एवढं तरी कळलं असतं."