नकाशातलं तळं का गळलं?

कल्पना करा पाहू. शाळेला सुट्टी लागली आहे, वर्गांना कुलपं आहेत आणि सभागृहाच्या दारात तुम्हाला कुणीतरी बजावतंय, "चपला काढ आणि सांभाळून चाल, डोंगर तुडवशील." तुम्ही खाली बघता, तर फरशी दिसतच नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तुमचाच परिसर पसरलेला. इकडे तांबडे डोंगर, मधून नदी, तिच्या काठाला काळी शेतं, तिकडे खाणीची पांढरट टेकडी. रंगाचा एक थेंबही नाही. सगळं त्या त्या जागच्या मातीचं. दोन गावं ओलांडून तुम्ही खिडकीपाशी जाता, तर एक मुलगी नदीत पाय सोडून बसली आहे. बसली आहे असं आपलं म्हणायचं. एका जागी बसणं तिच्या नशिबातच नव्हतं. म्हणून तर तिला सगळे भिंगरी म्हणत.

"भिंगरे, तुझा गुडघा बाजारपेठेवर आलाय," ढापण्या म्हणाला. तो तिचा मामेभाऊ. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे हे नाव पडलं होतं आणि त्याला त्याचा मुळीच राग नव्हता.

"बाजारपेठ पुन्हा बांधू. पण तळ्याचं काय? तिथे अजून नुसतं भोक आहे."

हा नकाशा म्हणजे चित्रकलेच्या बाईंची कल्पना. "परिसर पुस्तकात वाचायचा नाही, हाताने बनवायचा," असं म्हणून त्यांनी सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मुलांना पिशव्या दिल्या होत्या. नियम एकच. ज्या जागेची माती, ती त्याच जागेवरून आणायची आणि तीही कोपरभर खोलवरची. "वरची माती वाऱ्याची, आतली माती जागेची," असं बाई सांगत. मुलं गावोगाव हिंडली. माती आणता आणता तिथल्या लोकांच्या गोष्टी, भांडणं आणि विहिरींची नावंही घेऊन आली.

आता फक्त तळं राहिलं होतं. गेल्या वर्षी त्याचा बांध फुटला आणि तळं कोरडं पडलं. आता बांध नव्याने बांधून झाला होता आणि उद्या सकाळी कालव्याचं पाणी तळ्यात सोडायचं होतं.

"मग आज बांधाची माती आणा," बाई म्हणाल्या. "तळाची काळी माती तर आणलीच आहे तुम्ही."

भिंगरी दाराबाहेर पोचलीसुद्धा. मागून ढापण्या निघाला आणि त्याच्या मागे भिंगरीची धाकटी बहीण. ती कुठेही यांच्या मागे असायची, म्हणून तिचं नाव शेपूट.

बांध चांगला उंच होता. वरून काळाभोर, गुळगुळीत. माथ्यावर उद्याच्या फलकासाठी खांबांचे खड्डे खणून ठेवले होते.

"बांध उकरायला नको, खड्डा तयारच आहे," ढापण्या पोटावर झोपला आणि त्याने खड्ड्यात हात घातला. "कंबरभर खोल आहे. पिशवी धर."

परत येताना तिघं भिंगरीच्या मावशीच्या रोपवाटिकेत पाणी प्यायला थांबली. बांधाच्या अगदी पायथ्याशी मावशीचं घर होतं आणि घराभोवती फळझाडांची शेकडो रोपं. पण सगळी माना टाकून उभी.

"उद्याच्या पाण्यावर जीव धरून आहेत बघ," मावशी माठातलं पाणी ओतत म्हणाली. "घरच्या विहिरीने तळ गाठलाय. आणखी आठवडा असाच गेला, तर वर्षाची मेहनत मातीत."

"मातीतच तर असते मावशी तुझी मेहनत," शेपूट म्हणाली.

"हो गं माझी शहाणी. पी पाणी."

सभागृहात आल्यावर भिंगरीने बांधाची माती भिजवून मळायला घेतली. आणि इथेच गंमत झाली. तळाची काळी माती दोन्ही तळव्यांत वळली की तिची बारीक वात व्हायची. वात वाकवून बांगडी केली तरी तुटत नसे. बांधाच्या मातीची वातच होईना. नुसता भुगा.

"पाणी कमी पडलं असेल," शेपटाचा सल्ला.

पाणी घातलं. मग भुग्याचं पिठलं... नाही, चिखलाचं पाणी झालं.

"ही काळी माती नाहीच," ढापण्याने चिमूट चष्म्याजवळ धरली. मग तो रांगत नकाशाच्या खालच्या टोकाला गेला आणि नदीच्या वाळवंटाशेजारी ती चिमूट ठेवली. दोन्ही माती अगदी सारख्या दिसत होत्या. "नदीच्या वाळवंटातली रेताड माती आहे. वरून फक्त काळ्या मातीचा लेप दिलाय."

मुलांनो, बांध नुसता उंच असून भागत नाही. त्याच्या पोटात चिकण माती लागते. तीच पाण्याला अडवते. रेतीच्या पोटातून पाणी वाट काढतं, वाटेतली रेती बरोबर नेतं आणि बघता बघता भगदाड पडतं. हे भिंगरीला आता कुणी समजावून सांगायला नको होतं. तिचे हातच सांगत होते.

ती सभागृहात येरझाऱ्या घालू लागली. डोंगरावरून नदीत, नदीतून शेतात.

"सांगायला हवं," ढापण्या म्हणाला.

"सांगितलं तर उद्याचं पाणी थांबेल."

"मग?"

"मग मावशीची रोपं." तिने तोंड फिरवलं. तिला मावशीचा चेहरा दिसत होता. खिडकीपर्यंत जाऊन ती परत आली. "नाही. तहानलेल्या रोपांना पाणी तरी घालता येईल. वाहून गेलेल्या रोपांना काय घालणार? आणि घर? चल."

बांधाचं काम ज्यांच्या देखरेखीखाली झालं ते सुपरवायझर काका चौकात मोटारसायकलवर बसून फोनवर बोलत होते. पांढरेशुभ्र बूट, डोळ्यांवर काळा चष्मा.

"काका, बांधाच्या आत रेती आहे."

"कोण म्हणतं?"

"आम्ही मळून बघितली."

काका खो खो हसले. "पोरांनो, चिखलात खेळा, मला चिखल शिकवू नका. संध्याकाळी मोठ्या इंजिनिअर मॅडम येणार आहेत, त्यांच्यापुढे असलं काही बरळलात तर याद राखा." मोटारसायकल धूर सोडून निघून गेली.

"झालं," ढापण्या म्हणाला. "आता आपल्याला मॅडमच्या जवळपाससुद्धा फिरकू देणार नाहीत."

"फिरकायचं कशाला?" भिंगरी म्हणाली. "त्याच आपल्याकडे येतील. आणि काकाच त्यांना घेऊन येतील."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. स्वतः माती मळून पाहिली. मग त्यांनी इंजिनिअर मॅडमना फोन लावला आणि मुलांच्या नकाशाचं उद्घाटन करायला बोलावलं. नकाशाच्या मध्यभागी काकांचंच तळं आहे, असंही सांगितलं. मग काय, मॅडमना घेऊन काका सगळ्यांच्या आधी हजर!

संध्याकाळी सभागृह भरून गेलं. आयाबाया आल्या, मावशी आली. मॅडमनी डोंगरापासून खाणीपर्यंत सगळं वाकून वाकून पाहिलं. प्रत्येक माती कुठली ते विचारलं आणि मुलांनी धडाधड सांगितलं. नकाशात एकाऐवजी दोन तळी शेजारी शेजारी होती. दोन्हींच्या पायथ्याशी काडेपेटीचं घर आणि हिरव्या लोकरीची झाडं.

"उद्घाटन काकांच्या हातून," भिंगरी म्हणाली आणि तिने तांब्या पुढे केला. "दोन्ही तळी भरा, काका."

काकांनी ऐटीत पाणी ओतलं. डावं तळं भरलं आणि आरशासारखं चमकत राहिलं. उजव्याच्या बांधावर आधी एक ओला डाग आला. मग एक ओघळ. लोक वाकून बघतात तोवर बांधाचं पोट खचलं आणि काडेपेटीचं घर लोकरीच्या झाडांसकट बाजारपेठेत जाऊन पडलं.

"मुलांचं काम," काका हसले. "कच्चंच असणार."

"डावा बांध तळातल्या काळ्या मातीचा आहे," ढापण्या म्हणाला. "उजवा तुमच्या बांधातल्या मातीचा. खांबाच्या खड्ड्यातून कंबरभर खोलवरची काढलीय. वरून लेपही दिलाय, तुमच्यासारखा."

मॅडमनी खाली बसून मातीची चिमूट बोटांत चुरडली. तेवढ्यात शेपटाचा प्रश्न सगळ्यांना ऐकू गेला.

"काका, तुम्ही रोज बांधावर होता ना? मग तुमचे बूट पांढरे कसे? आम्ही एकदाच काळी माती आणली तर आई अजून आमची नखं घासतेय."

काकांनी बुटांकडे पाहिलं. मग मॅडमकडे. "ती माती फार चिकट हो, मॅडम. ट्रॉलीतून सुटता सुटत नाही, ट्रॅक्टर रुतून बसतो. ड्रायव्हर कुरकुरायला लागले. म्हटलं, जवळची कोणती सोपी पडेल ती टाका... मी रस्त्यावरून बघत होतो. वरून काळंच दिसत होतं."

"वरून," मॅडम एवढंच म्हणाल्या आणि उठल्या.

उजेड होता तोवर बांधावर आणखी खड्डे घेतले गेले. सगळ्यांतून रेतीच निघाली. मॅडमनी तिथूनच कालव्यावर फोन करून उद्याचं पाणी थांबवलं. बांध पुन्हा उकरायचा आणि काळ्या मातीने भरायचा. रोज काकांनी स्वतः आत उतरून ती तुडवून घ्यायची, असा हुकूमही झाला.

मग सभागृहात परत येऊन मॅडम मोठ्यांदा म्हणाल्या, "आमच्या कार्यालयात परिसराचे कितीतरी नकाशे आहेत. पण हा पहिला, ज्याने मला वेळेवर सावध केलं. कुठे आहे ती तळेवाली मुलगी?"

बाई हसून म्हणाल्या, "भिंगरी, पुढे ये."

मावशीने पदराने डोळे टिपले. "माझं घर वाचवलं पोरीने. रोपांचं काय व्हायचं ते होवो."

टाळ्या पडल्या. ढापण्या पुढे आला, शेपूटही आली. भिंगरी मात्र कुठेच दिसेना. डोंगरापाशी नाही, नदीपाशी नाही, दारात तिच्या चपलाही नाहीत.

ती केव्हाच शाळेच्या नळावर पोचली होती. दोन बादल्या काठोकाठ भरून, पाणी सांडू नये म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच हळूहळू चालत, ती मावशीच्या रोपांकडे निघाली होती.