उजवा हातमोजा

तो शुक्रवार होता. अमेरिकेतलं उत्तर-दक्षिणेचं यादवी युद्ध संपल्यापासून शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत मी काही खात नाही. देवाकडे मागणं एकच, आमच्या ह्यांना शांत झोप लागू दे. घेवड्याचं गरम सूप झाकून घेतलं आणि बर्फातून कनेक्टिकट नदीच्या काठानं ह्यांच्या कारखान्याकडे निघाले.

आमचे हे, ओबेद, लोहाराच्या भट्टीतून वर आले. बंदुकांचा केवढा कारखाना उभा केला! त्यांचा नियम होता. प्रत्येक नळीत दुप्पट दारू ठासायची, दगडी खोलीत लांबून दोरी ओढून बार काढायचा. नळी टिकली तरच शिक्का. युद्धाच्या घाईत मात्र एका खेपेच्या नळ्यांवर बार न काढताच शिक्के मारले. त्यातल्या काही नळ्या लढणाऱ्या पोरांच्या हातात फुटल्या. युद्धानंतर कारखाना बंद पडला, तरी हे रोज त्या दगडी खोलीत जाऊन बसत. तिथंच मी सूप पुढं केलं.

"अहो, दोन घास तरी..."

"आधी तू जेव, लव्हिना. तुझ्या उपासांना देव कंटाळला असेल."

"कंटाळू दे. कंटाळून तरी ऐकेल."

तेवढ्यात दार ढकलून एक पोरगा आत आला. अंगावरचा सैनिकाचा निळा कोट ओलाचिंब. जळक्या दारूचा वास पसरला.

"मालक... ही तपासायची राहिलीय."

डाव्या हातानं त्यानं बंदूक पुढं केली. नळी अख्खी होती. वर आमचाच शिक्का. ह्यांचा चेहरा पांढरा पडला.

मी पिशवीतून विणलेले हातमोजे काढले. "गारठलास रे बाळा. घाल हे."

"एकच पुरे, मावशी." तो हसला. उजवी बाही रिकामी लोंबत होती. "दुसरा राहू द्या तुमच्यापाशी."

ह्यांनी दुप्पट दारू ठासली. आम्ही भिंतीआड झालो.

"टिकेल ना, मालक?"

"तेव्हाच बघायला हवं होतं रे, पोरा..."

दोरी ओढली. खोली हादरली. धूर विरला तेव्हा नळी शाबूत होती. पोरगा नव्हता. माझ्या मुठीतला उजवा हातमोजाही नव्हता.

ह्यांनी सूप वाटी पुसून खाल्लं. त्या रात्री घोरले! वसंतात झोपेतच गेले. देवानं ऐकलं.

दगडी खोलीला आता कुलूप आहे, किल्ली माझ्या कमरेला. तरी दर शुक्रवारी दिवस मावळताना आत बार होतो; हे एकेका पोराची राहिलेली नळी तपासत असावेत. मी उंबऱ्यावर हातमोज्यांचा जोड ठेवते. बाराआधी डावा जातो, नळी टिकली की बारानंतर उजवा.

काल बार झाला. उजवा अजून तिथंच आहे.

आज शनिवार. तरी मी काही खाल्लेलं नाही.