मागच्यासाठी पांढरा गोल

लाइट गेली तशा दोन्ही भाच्या मामांच्या खाटेला चिकटून बसल्या.

"मागच्या वेळच्या गोष्टीतलं भूत शेवटी शेजारचं मांजर निघालं होतं," मोठी म्हणाली.

"हे मांजर नाही गं," मामा म्हणाले. मामा ट्रकचे मिस्त्री, जन्म गॅरेजात गेलेला. "हा माझा दोस्त. ट्रक चालवायचा. त्याचे वडीलही लढाईत ट्रकच चालवायचे."

वडील लढाईवरून धडधाकट आले, पण झोपेत बायकोचा गळा आवळायचे. आकडे मोजायचे. सहा म्हटलं की हात सुटायचे. ते वारले आणि महिन्याभरात या ड्रायव्हर दोस्ताचे हात झोपेत त्याच्या बायकोच्या गळ्यावर गेले. तीही ओली बाळंतीण.

"बाळ माझ्या कुशीत असतं," ती म्हणाली. "एखाद्या रात्री हात चुकला तर? काहीतरी करा, नाहीतर मी माहेरी जाते ती कायमची."

वडिलांची एक वही होती. तीत लढाईतला सगळा रस्ता मैलामैलाने लिहिलेला. ड्रायव्हरने ठरवलं, त्याच रस्त्याने, अगदी वडिलांसारखंच जाऊन हे हातांचं खूळ सुटतं का बघायचं. वहीत होतं, रात्री दिवे बंद. ट्रकच्या मागच्या एक्सलवर, चाकांमधल्या दांड्यावर, पांढरा गोल, वर मिणमिणता बल्ब. मागच्या गाडीने तेवढा गोल बघत यायचं.

"तो गोल मीच रंगवून दिला," मामा म्हणाले. "त्याचं मन राखायला. पण मागे येणार कोण, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही."

वहीतलीच सतरा तारखेची रात्र. दोन वाजून दहा मिनिटं. घाटातला चाळिसावा मैल. वहीत त्या मैलापुढे एवढंच होतं: जखमी आपलेच. रस्त्यावर पडलेले. हुकूम, थांबायचं नाही. सहा.

ड्रायव्हरने दिवे मालवले.

चाकाखाली धप्प झालं. काहीतरी मऊ. मग कडकन हाड मोडलं. कुणीतरी किंचाळलं आणि किंकाळी मध्येच चिरडली. दोन. तीन. स्टिअरिंग हातात थरथरत होतं. चार... दाराच्या पत्र्यावर नखं ओरबाडत गेली. पाच.

सहावा म्हणाला, "थांब रे."

"बाबा थांबले नाहीत," ड्रायव्हर पुटपुटला. "मी थांबतो."

ब्रेक दाबला. उतरला. ट्रकच्या मागे जाऊन चाचपडत बसला. रस्ता कोरडा. कुणी नाही.

मागून इंजिनाचा आवाज आला. दिवे नव्हते...

गोल बघत येणाऱ्याला थांबायचा हुकूम नव्हता.

धाकटीने मामांचा दंड घट्ट धरला.

"सकाळी सापडला. जिवंत. दोन्ही पाय गुडघ्यापासून चेंदामेंदा. ट्रकच्या पाठीला साधा पोचा नाही. दुसऱ्या टायरचा मागही नाही."

"आणि हात?" मोठीने हळूच विचारलं.

"शांत. एकदम शांत. बायको म्हणाली, पाय गेले पण घराला झोप आली. मी एक्सलवरचा गोल खरवडला, डिझेलने पुसला. त्या रात्री त्यांच्याकडेच झोपलो. पहाटे बाळाचा खुळखुळा पाळण्याखाली घरंगळला. उचलायला वाकलो, वर बघितलं..."

"मग?"

"पाळण्याच्या बुडाला पांढरा गोल. बोट लावलं..." मामांनी अंधारात बोटावर अंगठा चोळला. "रंग ओला होता."