ज्यानं उघडलं त्यानंच बसवावं

ते मोबाइल उपडे ठेवा आधी. तोंडावर निळा उजेड पडला की तुम्हीच भुतं दिसता. आणि दर दोन वाक्यांनी "खरंच का हो काका" असं विचारायचं नाही. ज्याला खरं वाटणार नाही त्यानं खाली जाऊन झोपावं, मला राग नाही.

मी एकतीस वर्षं विजेचे मीटर वाचले. लोकांच्या जिन्याखाली, तळघरात, बंद घरांच्या बोळात बॅटरी घेऊन एकटा हिंडलो. पाली भेटल्या, कुत्री भेटली, एकदा सासऱ्याला घाबरून लपलेला जावई भेटला. भूत काही भेटलं नाही. त्यामुळे मी उगाच काही पदरचं घालणार नाही. माझ्या मित्राच्या घरी झालं, त्यातलं थोडं माझ्या कानांनी ऐकलं, तेवढंच सांगतो.

मित्र म्हणजे घड्याळजी. चौकात त्याचं दोन माणसं उभी राहतील एवढं दुकान. डोळ्याला भिंग लावून बसायचा आणि श्वाससुद्धा हळू घ्यायचा. लग्न केलं नाही. घरात तो आणि त्याचे वडील, आप्पा. आप्पांचे पाय दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून पलंगावर. काळीजही नाजूक झालेलं. घड्याळजी दुपारी दुकान बंद करून घरी यायचा, त्यांना भरवायचा, कुशीवर वळवायचा, परत जायचा. स्वतः साठीला आलेला. पण आप्पांशिवाय या जगात त्याचं कोणी म्हणजे कोणी नव्हतं.

एक थोरला भाऊ होता. गॅरेजात मिस्त्री. घरची एक जुनी, छोटीशी गाडी होती, आप्पांनी उमेदीत घेतलेली. एका रविवारी थोरल्यानं तिचं इंजिन खाली उतरवलं, उघडलं, सगळे भाग डब्यांत भरले. म्हणाला, पुढच्या रविवारी बसवतो. गुरुवारी कामावरून येताना ट्रकनं उडवला. त्याला अकरा वर्षं झाली. गाडी मागच्या शेडमध्ये विटांवर, चाकं काढलेली. इंजिन शेजारच्या टेबलावर, उघड्या पोटाचं. कोणी हात लावला नाही.

गेल्या वर्षी आप्पा म्हणाले, "बारक्या, ती गाडी एकदा सुरू झालेली ऐकायची आहे रे. मग गेलो तरी चालेल."

झालं. घड्याळजीनं मनावर घेतलं. जुनं पुस्तक मिळवलं, नट आवळायचे पाने आणले, रात्री दुकानातून आला की शेडमध्ये. मी म्हटलं, "अरे, मनगटावरची घड्याळं उघडणारा तू, हे धूड तुला झेपणार आहे का?" तर म्हणाला, "आतून सगळं सारखंच असतं. फक्त भिंग लागत नाही." मी म्हटलं, बरं बाबा.

तर नोव्हेंबरातला दुसरा सोमवार. क्रँक घासायला दिला होता, तो आणायला मी त्याला स्कूटरवर घेऊन गेलो. क्रँक म्हणजे इंजिनाच्या पोटातला वाकडातिकडा दांडा, पिस्टन त्याला फिरवतात. लेथवाला म्हातारा होता. दांडा कागदात गुंडाळून देताना त्यानं विचारलं, "इंजिन उघडलं कोणी होतं?"

"भावानं," घड्याळजी म्हणाला.

"मग त्यालाच बसवू द्या. ज्यानं उघडलं त्यानंच बसवावं. कुठली टोपी कुठे, कुठलं तोंड कुणीकडे, ते त्याच्या हाताला ठाऊक असतं."

घड्याळजी हसला. म्हणाला, "बोलावतो त्याला."

नुसतं बोलायचं म्हणून बोलला. मीही हसलो. आता ते हसू आठवलं की मला माझीच शरम वाटते.

त्या रात्री त्यानं दांडा बसवला. वरून तीन लोखंडी टोप्या येतात, त्या ठेवल्या, नट नुसते हातानं फिरवले. उरलेलं उद्या, म्हणून शेडला कुलूप लावून झोपला.

मंगळवारी सकाळी सातला माझ्या दारात. "तू रात्री आला होतास का?" मी म्हटलं, "मला दुसरे उद्योग नाहीत का?" तर म्हणाला, "चल."

गेलो. मधली टोपी त्यानं उलट्या तोंडानं बसवली होती, ती आता सुलट होती. पुस्तकात पाहिल्यावर त्याला चूक कळली. नट घट्ट आवळलेले. आणि प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढलेली. गॅरेजवाले ओढतात तशी, म्हणजे हा नट आवळून झाला, आता याला कोणी हात लावायचा नाही. घड्याळजीकडे असला रंग नव्हताच. मी बोट लावलं. बोटाला पांढरं लागलं.

मी आपलं शहाणपण चालवलं. म्हटलं, किल्ली गॅरेजवाल्या कोणाकडे असेल, थोरल्याचा जुना दोस्त असेल. बोललो खरा, पण मनात पाल चुकचुकली.

आम्ही आत आलो तर आप्पा उशीला टेकून बसलेले. तोंडावर तेज. म्हणाले, "काल थोरला आला होता. हसत होता तुला. म्हणाला, बारका इंजिनाला घड्याळ समजतोय, नट गोंजारतोय नुसता. आणि मधली टोपी उलटी लावली होतीस म्हणे."

आता ऐका. टोपीचं आम्ही आप्पांना सांगितलं नव्हतं. आप्पांना पलंगावरून शेड दिसतही नाही.

घड्याळजी मात्र... खूश झाला. हो, खूश. डोळ्यांत पाणी. म्हणाला, "दादा आहे. मदत करतोय." बुधवारी सकाळी पिस्टन बसलेले. चारही. प्रत्येक नटावर रेघ. गुरुवारी इंजिनाची साखळी बसलेली. घड्याळजी रात्री नुसता भाग पुसून टेबलावर मांडायचा आणि कुलूप लावायचा.

गुरुवारी सकाळी आप्पा म्हणाले, "शनिवारी रात्री होईल म्हणतोय. मग निघू."

"कुठे निघू?" घड्याळजीनं विचारलं.

"ते मी विचारलं नाही. त्याला रस्ता माहीत आहे."

घड्याळजीच्या हातात चहाचा कप होता. तो त्यानं खाली ठेवला. मला म्हणाला, "बाहेर ये जरा." बाहेर आलो तर तो शेडच्या कुलपाकडे बघत उभा.

"मीच बोलावलं," म्हणाला. "माझ्या तोंडानं."

त्या दिवसापासून त्यानं कामाला हात लावला नाही. उलट टेबलावर उरलेले भाग परत डब्यांत भरले, डबे पलंगाखाली नेऊन ठेवले. शेडला दुसरं कुलूप आणलं. आणि शुक्रवारी सकाळी पाहतो तर इंजिनावर हेडसुद्धा चढलेलं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, चांगलं जड असतं. त्याशिवाय इंजिन म्हणजे चार भोकांचा ठोकळा. दोन्ही कुलपं जशीच्या तशी.

आम्ही डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासलं, म्हणाले, "तब्येत उलट सुधारली आहे." मी म्हटलं, आप्पांना माझ्या घरी नेऊ, दोन गल्ल्या तर पलीकडे. आप्पा ऐकेनात. "तो न्यायला येणार आणि मी घरात नसलो तर? आधीच त्याला उशीर झालाय."

मग शुक्रवारी दिवसभर आम्ही दोघं ते हेड काढत बसलो. दहा बोल्ट. माझ्या खांद्याची अजून तक्रार आहे. काढलं, पोत्यात घातलं, स्कूटरवरून माझ्या घरी आणलं, माझ्या खाटेखाली ढकललं. घड्याळजी म्हणाला, "आता कसं सुरू होतंय बघतो." चेहऱ्यावर मात्र त्याच्या काही उमेद नव्हती.

शुक्रवारी रात्री तो शेडच्या दाराशी बसून राहिला. हे त्यानं मला नंतर सांगितलं. साडेबाराला आत पाना वाजायला लागला. टक्... टक्... टक्. सावकाश, कामातल्या माणसासारखा. घड्याळजी दाराला तोंड लावून म्हणाला, "दादा, मी काय करू रे एकटा? थोडे दिवस राहू दे त्यांना. मला दुसरं कोणी नाही."

पाना थांबला.

बराच वेळ थांबला. घड्याळजीला वाटलं, ऐकलं.

मग पुन्हा सुरू झाला. टक्... टक्...

दादा वाईट नव्हता हो. लहानपणी याला खांद्यावर घेऊन हिंडायचा. तो कोणाचं वाईट करायला आला नव्हता, घेतलेलं काम पुरं करत होता. त्याच्याशी भांडणार कसं? चोर असता तर काठी घेतली असती.

शनिवारी आप्पांनी दाढी करायला लावली. धुतलेला सदरा मागितला. घड्याळजीनं आधी टाळलं, नंतर केली दाढी. आयुष्यात वडिलांना नाही म्हटलेला माणूस नव्हे तो. म्हणाला, "फेस लावताना मला रडू येत होतं, आणि ते माझ्या गालावर हात फिरवत होते." संध्याकाळी मला म्हणाला, "तू घरीच थांब. हेडवर लक्ष ठेव. मी आप्पांचा हात धरून बसतो." मी थांबलो. खाटेवर बसून राहिलो, दिवा लावून. तासातासानं वाकून पाहत होतो. पोतं होतं तिथेच.

पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

घड्याळजीचा. मी उचलला. बोलेना.

"काय झालं?"

काही नाही. नुसता श्वास. मग फोन त्यानं खिडकीकडे धरला असावा...

इंजिन सुरू होतं.

छोट्या जुन्या गाडीचं. मोकळं, गोल, एका लयीत. एकही ठोका चुकत नव्हता.

मी फोन कानाला धरूनच खाली वाकलो. पोतं ओढलं. उघडलं. हेड आत होतं. मी त्याच्यावर हात ठेवला... गार. आणि कानात इंजिन चालू.

मग आप्पांचा आवाज. लांबून. "आला बघ..."

घड्याळजी म्हणाला, "आप्पा, हात सोडू नका. आप्पा... माझा हात..."

दार लागल्याचा आवाज. गाडीचं दार.

गिअर पडला.

आणि आवाज निघाला. हळूहळू लांब जायला लागला. विटांवर उभी गाडी, चाकं नाहीत... आणि आवाज रस्त्यानं लांब चाललेला. माझ्या खिडकीखालून काही गेलं नाही. पण फोनमध्ये तो बारीक होत गेला, बारीक होत गेला... कोपऱ्यावर जरा थांबल्यासारखा वाटला.

मग काही नाही.

मी अनवाणी धावलो. दार उघडंच होतं. घड्याळजी पलंगाशी जमिनीवर बसलेला, आप्पांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरलेला. आप्पा गेले होते. झोपेत गेल्यासारखे, छान दाढी केलेले. घड्याळजी माझ्याकडे बघून म्हणाला, "मी सोडला नाही रे. शेवटपर्यंत धरून होतो. तरी गेले."

मी त्याच्या शेजारी खाली बसलो.

डॉक्टर आले, म्हणाले, काळीज थांबलं. त्यांचंही खरंच होतं. उजाडल्यावर मी एकटा शेडमध्ये गेलो. दोन्ही कुलपं मी स्वतः काढली. गाडी विटांवर. टेबलावर तो ठोकळा, वरची चार भोकं उघडी. आत तेलाचा टिपूस नाही, पेट्रोल तर घरातच नव्हतं. मी हात लावला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला.

म्हटलं, निवेल तासाभरात. संध्याकाळी पाहिलं, गरम. आठवड्यानं पाहिलं, तरी गरम. मग मी घड्याळजीला म्हटलं, विकून टाकू भंगारात. त्यानं शेडची किल्ली खिशात घातली, आणि मीही पुन्हा विषय काढला नाही.

वर्ष झालं. थंडी पडली की शेजाऱ्यांची मांजर त्या टेबलावर येऊन निजते, इंजिनाला पोट लावून. रात्री दुकान बंद केलं की घड्याळजी आधी शेडमध्ये जातो, त्याच्यावर तळहात ठेवून जरा वेळ उभा राहतो, मग जेवायला बसतो. परवा मीही लावून आलो हात. अजून गरम आहे.