पाचशे नव्वद किलो

शिंगाड्याची वेल. मुळासकट उपटलेली. मेलेल्या माणसाच्या उजव्या मुठीत.

कुडव्याच्या गोदामात तीन जुने जपानी ट्रॅक्टर. लाल, निळा, हिरवा. लिव्हरांवरची अक्षरं गोंदियात कुणालाच वाचता येत नाहीत.

बोडीच्या पाळीत मुठीएवढं भोक. खेकड्याचं बीळ असेल. आत खेकडा नाही.

घरापुढं मांडव. तीन खांब सारखे. चौथा हातभर लांब.

वहीचं फाडलेलं पान :
वजन – लाल ५९०, निळा ८१०, हिरवा ९४०.
रुंदी – लाल सगळ्यांत कमी.
सीटमागची कमान – निळ्याला आहे, हिरव्याला आहे, लालला नाही.
खाली एकच शब्द. लाल.

कोठडीतला म्हातारा. विचारण्याआधीच बोलतो.

"मीच मारलो जी."

*

फोन सकाळी साडेनऊला आला होता. नवेगाव बांधजवळच्या शेतात ट्रॅक्टर उलटला. एक ठार.

फौजदार दुर्गेश्वरी रहांगडाले पोचली तेव्हा बोडीच्या पाळीवर अर्धं गाव उभं होतं. बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं; पाळ, म्हणजे त्याचा मातीचा बांध. पाळीच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला चिखलणी झालेली बांधी, धानाचं खाचर. त्या चिखलात लाल ट्रॅक्टर आडवा पडला होता आणि त्याखाली शेताचा मालक केवलराम कापगते होता. छातीपासून खाली.

ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये. ब्रेक सुटलेला. चाकांना ओंडके नाहीत. मागं जोडलेल्या रोटाव्हेटरच्या, म्हणजे चिखलणीच्या यंत्राच्या, पात्यांत शिंगाड्याची वेल, तशीच केवलरामच्या मुठीत.

शिपायानं दहा मिनिटांत निकाल दिला. "जंगलूनं गाडी पाळीवर लावली, ओंडका न लावता जेवायला गेला. गाडी घरंगळली, कडेवरून पलटली. खाली मालक."

पाळीवर चाकं घसरल्याची खूण मात्र नव्हती. फक्त ते भोक होतं. दुर्गेश्वरीनं त्यात काडी घातली. काडी तिरपी आत गेली, दीड हात. खेकड्याचं बीळ इतकं सरळ जात नाही.

*

जंगलू मडावी. वय साठ. तीस वर्षं कापगत्यांकडे कामाला, चार महिन्यांपासून ट्रॅक्टरवर. कोठडीबाहेर त्याची बायको चमेली पहाटेपासून बसून होती.

"ट्रॅक्टर कुठं लावला?"

"पाळीवर जी."

"चाकांना ओंडके लावले?"

"रोजच लावतो."

"त्या दिवशी?"

त्यानं तळहात उलटून पाहिले. "रोजच लावतो ना म्याडम. म्हणून त्या दिवसाचं आठवून नाही राहिलं."

"जेवायला कुठं बसले होते?"

"रोज पाळीवरच बसतो. त्या दिवशी वैनी, मालकीण, डबा घेऊन आली. म्हणे, इथं ऊन आहे, मोहाच्या झाडाखाली जाऊन खा."

"मोह किती लांब?"

"तीन बांध्या पल्याड."

"रोटाव्हेटरच्या पात्यांत काही गुंतलं होतं?"

"नाही जी. सुट्टी केलो तवा मीच धुतलो. चकचकीत."

"केवलराम तुम्हाला जमीन देणार होते म्हणे."

"हेच बोडीखालची बांधी. दिवाळीपासून म्हणत होते. सोमवारी अर्जुनीले, रजिस्ट्री हापिसात जाऊन नावानं करणार होते." त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं. "मी कायले मारू त्याले? पण ओंडका राहिला असल माझ्यानं. तीस वर्षं खाल्लो त्याचं, आन् असा मारलो."

*

मांडवात केवलरामची बायको शामकला बसली होती. उंच, हाडापेराची बाई. बांगड्या फोडलेल्या मनगटांवर ओरखडे.

"फाशी द्या त्याले," ती म्हणाली. "कुत्रं पोसलं असतं तर राखण तरी केली असती."

"लाल ट्रॅक्टर कुणी पसंत केला?"

"त्यांनी. मले त्यातलं काय समजते बाई? मी चूल पाहणारी."

"गाडीच्या कागदांत हे पान सापडलं."

शामकलानं पान पाहिलं आणि परत दिलं. "त्यांचंच असल."

"मांडव कुणी घातला?"

"गावानं. आमच्याकडे मयतीच्या घरच्यानं हात लावाचा नसते. लोकंच येतात, घरामागच्या बल्ल्या, लाकडी वासे, काढतात, उभं करतात."

निघताना चपला घालायला दुर्गेश्वरी वाकली आणि तिनं लांब खांबाला हात टेकला. तळहाताला लाल कपची चिकटली. कुंकू असेल, तिला वाटलं. मग तिनं ती नखानं मोडून पाहिली. कुंकू मोडत नाही.

*

कुडव्याचा ट्रॅक्टर विक्रेता हेमेंद्र हातातला चहा खाली न ठेवता बोलायचा.

"मॅडम, हर किसान के तीन सवाल. डिझेल किती पितो. पार्ट भेटतो का. चिखलात फसतो का."

"केवलरामनी काय विचारलं?"

"भाऊ तर निळ्यावर बसले ते उतरेचनात. लहान पोरावाणी हसत होते. पण फोन वैनींचे यायचे. चार वेळा. वजन किती, रुंदी किती, कमान कोणाले नाही. मी म्हटलं, वैनी, तुम्ही चालवणार का? म्हणाल्या, हो. मैं बोला, फिर हलका ही अच्छा."

"डिझेल विचारलं?"

"एक बार भी नहीं."

"कमान कशाला असते?"

"गाडी पलटली तर कमानीवर अडकते. माणूस दबत नाही." त्यानं कप खाली ठेवला. "ते कायले विचारून राहिल्या?"

*

दुर्गेश्वरी दुसऱ्या दिवशी मांडवात आली तेव्हा लोक होते. तिनं शिपायाला लांब खांब काढायला लावला. एक बाजू मोकळी झाली, ताडपत्री खाली आली.

खांबाच्या एका टोकाला दीड हात वाळलेला गाळ होता. मधोमध ट्रॅक्टरचा लाल रंग.

"शेतकरी ट्रॅक्टर घेताना काय बघतो, शामकलाबाई? या पानावर डिझेल नाही, पार्ट नाहीत, किंमतसुद्धा नाही. आहे ते वजन, रुंदी आणि कमान. कोणता चांगला चालतो हे तुम्हाला नकोच होतं. कोणता एका बाईला एकटीनं उलटवता येईल, तेवढंच हवं होतं."

शामकला बसूनच राहिली.

"तुम्ही जंगलूला तीन बांध्या लांब पाठवलं. बोडीतून शिंगाड्याची वेल उपटली आणि धुतलेल्या पात्यांना गुंडाळली. ट्रॅक्टर बोडीत कधी उतरलाच नव्हता, मग पात्यांत शिंगाडा कुठून आला? नवऱ्याला हाक मारली. तो उताराच्या बाजूनं खाली बसून वेल काढू लागला. तुम्ही बल्लीचं टोक पाळीत रोवलं, बल्ली ट्रॅक्टरखाली घातली आणि उचललं. गाडी कडेवरच होती. मग ब्रेक सोडला, गिअर काढला. म्हणजे दोष जंगलूचा. नवरा गेला, जंगलू तुरुंगात गेला, बांधी घरात राहिली."

"बल्ली मी परत ढिगात ठेवली होती," शामकला म्हणाली. आवाज साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "गाववाल्यांनी नेमकी तीच उचलली. मयतीच्या घरी नाही म्हणता येते का?"

मागं एक म्हातारी हमसून रडू लागली.

"धानाचे तीस रोवणे, तीस पावसाळे, त्या बांधीत वाकली मी," शामकला पुढं म्हणाली. "पोटातलं पोरगं त्याच चिखलात गेलं. आन् हे म्हणतात, जंगलूनं लई केलं, जंगलूले देऊ. मले विचारलं बी नाही. निळ्यावर बसून हसत होते."

"तुमच्या हातचं हे पान त्यांनी जपून ठेवलं होतं. गाडीच्या कागदांसोबत, प्लास्टिकमध्ये."

शामकलानं पहिल्यांदा मान खाली घातली. क्षणभरच.

"ओंडके कुठं आहेत?"

"चुलीत."

"म्हणजे ते चाकांना लावलेले होते?"

शामकला हसली. "लावलेले असतील. का बाजूला पडले असतील. कुठून उचलले, तेवढं मी नाही सांगणार."

"आता लपवून काय मिळणार?"

"मले काही नाही. जंगलूले झोप नाही मिळणार."

*

जंगलूला संध्याकाळी सोडलं. चमेलीनं त्याचा हात धरला. तो दारातच थांबला.

"बाईनं पाडली गाडी, समजलो जी," तो म्हणाला. "पण ओंडका मी लावलो होतो का?"

"तुमच्यामुळं काही झालं नाही, काका. ओंडका असता-नसता तरी त्यांनी गाडी पाडलीच असती."

"ते झालं जी. पण लावलो होतो का?"

दुर्गेश्वरीनं दार पूर्ण उघडलं. तो चमेलीच्या मागं निघाला. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीपाशी तो वाकत होता आणि चाकाखाली बघत होता.

त्या दिवशी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी जंगलूनं दोन्ही मागच्या चाकांना ओंडके लावले होते, आणि घट्ट बसले का ते टाचेनं दोनदा ठोकून पाहिलं होतं.