नाळकवच

इचलकरंजीच्या त्या प्रसूतिकेंद्रात गर्भवतीला आता कोणी दटावत नसे. गोळ्या खाणारी असो वा न खाणारी, तिला पाटावर बसवायचे, डोहाळे विचारायचे, सांगेल ते रांधून वाढायचे आणि मगच तपासायचे, हा डॉक्टर इंदुमती खर्शीकरांचा दंडक होता. पूर्वीच्या कायद्याने व्यसनी मातेचे मूल सरकार काढून घेई. त्या धास्तीने, यंत्रमागावर उभे राहता यावे म्हणून अफूच्या जातीच्या गोळ्या खाणाऱ्या बायका तपासणीकडे पाठ फिरवीत आणि कळा सुरू झाल्यावरच दाराशी येत. भीती हे औषध नव्हे, असे इंदुमतीबाई सरकारी समितीपुढे परोपरीने मांडीत राहिल्या. समिती बधली नाही. तेव्हा त्यांनी भीतीचे कारणच नाहीसे करायचे ठरवले.

त्यातून नाळकवच जन्मले. वार म्हणजे माता आणि गर्भ यांच्यामधल्या देवघेवीचा उंबरठा. एका टोचणीने त्यावर प्रथिनांचा अतिसूक्ष्म पडदा चढे. तो अन्न आणि प्राणवायू आत सोडी, विषाला मात्र बाहेरच थोपवी. आईच्या रक्तात काहीही असले तरी मूल निर्धास्त. मग तो कायदाही रद्द झाला.

मागावरची, गोळ्या खाणारी सुगंधा बेडक्याळे आली तेव्हा तिला चौथा महिना होता. पोटभर जेवली, पण टोचणी पाहताच तिने हात मागे घेतला.

"कवच नको, बाई."

ती घाबरली असावी असे वाटून इंदुमतीबाई पडद्याचे कार्य समजावू लागल्या. सुगंधा हसली.

"ठावं हाय मला. थोरलीच्या वेळी घेतलं की. तुमच्या कवचाची पोर, माझ्यापेक्षा शहाणी निघाली."

"मग आता काय झालं?"

काय झाले ते इंदुमतीबाईंना ठाऊक होते. या गोळ्या एकाएकी सोडता येत नाहीत. गर्भच धोक्यात येतो. त्याऐवजी सौम्य बदली औषध रोज समोर बसवून द्यावे लागते, महिनोन्‌महिने. ते औषध मंजूर होई गर्भरक्षणाच्या नावाने. कवच चढले की यंत्रणेच्या लेखी गर्भ सुरक्षित, आणि त्याच दिवशी आईचे औषध बंद, रोजचे येणे थांबल्याने पाटही बंद. बाईंनी आक्षेप घेतला होता. पण मुले वाचत होती, आणि वाचलेल्या मुलांपुढे आक्षेप टिकत नव्हता.

"कवच चढलं," सुगंधा म्हणाली, "आन् त्या दिवसापासून जेवलीस का म्हणून मला कुणी इचारलं न्हाई. पोर सुटली, मी मागं ऱ्हायले. ह्या खेपेला सुटायचं तर दोघांनी."

"म्हणजे पोटातल्या जिवाला ओलीस ठेवतेस?"

"मी न्हाई, बाई. त्यो आधीच ओलीस हाय. मी नुसती कडी लावली."

इंदुमतीबाईंनी सारे युक्तिवाद करून पाहिले. बदली औषध झाले तरी त्याचा अंश बाळापर्यंत पोचणारच, हे सांगितले. कवच घे, औषध मी स्वतः आणून देईन, असेही म्हणाल्या. मला द्याल, पण माझ्या शेजारच्या मागावरच्या बायांना कोण देईल, एवढेच सुगंधाने विचारले. 

त्यांनी आपल्या आयुष्याचे सार्थक मानलेली ती टोचणी उचलली आणि शीतपेटीत परत ठेवली.

"उद्यापासून रोज यायचं. एक दिवस चुकलीस तर मी येऊन तुझ्या मागाशी उभी राहीन."

"या की. पर वरडून बोला, तिथं काय ऐकू येत न्हाई."

"उद्या काय खावंसं वाटतंय?"

सुगंधाने त्यांच्याकडे रोखून पाहिले.

"कुणाला इचारताय? त्याला का मला?"

"तुला."

तिला आठवायला बराच वेळ लागला. मग तिने अंबाडीची भाजी सांगितली, वरून लसणाची फोडणी.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मागावरच्या आणखी दोघी तिच्याबरोबर होत्या. पोटे नुकती दिसू लागली होती. दोघींनीही, पाटावर बसण्याआधीच, आपले मूल विषापुढे उघडे ठेवण्याचा निश्चय सांगितला.

इंदुमतीबाईंनी आणखी दोन पाट मांडायला सांगितले.