निजामुद्दीनची फिल्म

रुखमाबाई कापूस वेचत होती. ओटी निम्मी भरली होती, तेवढ्यात धुऱ्यावरून मानीबाई ओरडली, "रुखमे, डोमाजी जिनात पडला वं!"

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. गावातला जिन, कापसातली सरकी काढायचा कारखाना, अधूनमधूनच चाले. नेमका चालू होता त्याच दिवशी तिचा नवरा डोमाजी तिथं पडला.

यवतमाळच्या दवाखान्यात त्याचे डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. शेजारच्या खाटेवर घाटंजीचा निजामुद्दीन, मोटरी दुरुस्त करणारा मिस्त्री. त्याच्याही मेंदूत रक्त सांडलेलं. डॉक्टरांनी दोघांच्या मेंदूच्या फिल्म खिडकीच्या उजेडात धरल्या. निजामुद्दीनचा पांढरा डाग लहान, कडेला. "सहा महिन्यांत चालेल, बोलेल." डोमाजीचं रक्त मधल्या पोकळ्यांत उतरलेलं. "जगेल. पण ओळखेल असं सांगवत नाही."

निजामुद्दीनची बायको शहनाज हसली नाही. आपला आनंद लपवून ती रुखमाबाईच्याच पाठीवरून हात फिरवत राहिली.

"रो मत, बाई. अल्ला सबका है."

'तुयं काय जाते बोलाले,' रुखमाबाई मनात म्हणाली. तो हात तिला निखाऱ्यासारखा लागला.

दुसऱ्या दिवशी नागपूरचे मोठे डॉक्टर आले. शहनाज पाण्याला गेली होती. रुखमाबाईनं दोन्ही पाकिटांतल्या फिल्म अदलाबदल केल्या. फसवायचं कुणालाच नव्हतं; ते वाक्य एकदा आपल्या माणसाबद्दल ऐकायचं होतं, बस्.

डॉक्टरांनी घाईत फिल्म वर धरली. "हा बरा होईल."

त्या दुपारी निजामुद्दीननं बायकोकडं पाहणं सोडलं. आणि डोमाजीच्या खाटेभोवती ग्रीसचा वास येऊ लागला.

घरी डोमाजी सुधारत गेला. उन्हाळ्यात भिंत धरून चालला. जन्मात हाती पाना न धरलेला माणूस शेजाऱ्याची मोटर खोलून बसू लागला. बाया म्हणायच्या, "नशीबवान हायेस वं!" रुखमाबाई रोज त्याला घासून आंघोळ घाली. वास जात नव्हता.

सहावा महिना सरता सरता, भाकर वाढताना, त्यानं तिच्याकडं पाहिलं. परक्या बाईकडं पाहावं तसं, अदबीनं.

"बाई... मेरी शहनाज कहाँ है?"

तिच्या हातातली भाकर तशीच राहिली. "मी रुखमा हाय... तुमची."

"मालूम है," तो हळूच म्हणाला. "तुम बाजू की खाट वाली. उसको बोलो ना... मैं ठीक हो गया."

सहा महिने हिनं त्याचं हगणंमुतणं काढलं, आणि तोंडी नाव तिचं.

घाटंजीची एस.टी. दारावरून जाते. रुखमाबाईनं अजून निरोप धाडलेला नाही.